सीके मेट्रिक्स

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड सॉफ्टवेअरच्या रचनेची गुणवत्ता आकड्यांत तपासण्यासाठी वापरला जाणारा सहा मापकांचा संच. श्याम चिदंबर आणि ख्रिस केमेरर यांनी १९९१ मध्ये तो प्रथम मांडला. त्याचे विस्तृत रूप १९९४ मध्ये ‘आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून संचाला हे नाव पडले.

पार्श्वभूमी : त्याआधी कोडच्या ओळींची संख्या किंवा टॉमस मॅकेब यांचे १९७६ मधील सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी हे मापक वापरले जाई. एकेका फंक्शनची गुंतागुंत त्यांतून कळे. क्लासचे (डेटा आणि त्यावरील कृती एकत्र बांधणाऱ्या घटकांचे) परस्परसंबंध आणि इनहेरिटन्स (एका क्लासचे गुणधर्म दुसऱ्याने घेणे) यांचा मात्र पत्ता लागत नसे. ही उणीव सीके संचाने भरून काढली.

सहा मापके : (१) डब्ल्यूएमसी – क्लासमधील मेथडच्या (कृतींच्या) गुंतागुंतीची बेरीज, प्रत्येक मेथडला १ हा भार दिल्यास ती मेथडची संख्याच ठरते. (२) डीआयटी – इनहेरिटन्सच्या वृक्षात मूळ क्लासपासूनची खोली. (३) एनओसी – थेट उपक्लासची संख्या. (४) सीबीओ – क्लास इतर किती क्लासशी जोडलेला आहे, ती संख्या. (५) आरएफसी – क्लासच्या स्वतःच्या मेथड आणि त्या मेथडनी थेट बोलावलेल्या मेथड यांची एकूण संख्या. (६) एलसीओएम – मेथडमधील एकसंधपणाचा अभाव.

उदाहरण : एका ‘खाते’ क्लासमध्ये चार मेथड आहेत. पैसे भरणे व काढणे या दोन मेथड फक्त ‘शिल्लक’ हे चल वापरतात. पत्ता बदलणे व छापणे या दोन फक्त ‘पत्ता’ वापरतात. मेथडच्या सहा जोड्यांपैकी चार जोड्यांत सामाईक चल नाही, दोन जोड्यांत आहे; म्हणून एलसीओएम ४ – २ = २. वजाबाकी ऋण आल्यास मूल्य शून्य धरतात. पत्त्याचा वेगळा क्लास केला की दोन्ही क्लासचे मूल्य शून्यावर येते. एकाच क्लासवर दोन जबाबदाऱ्या लादल्या होत्या, हे येथे आकड्याने दाखवून दिले.

पडताळणी व मर्यादा : बसिली, ब्रियान आणि मेलो यांनी १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी सी++मध्ये लिहिलेल्या प्रणाली तपासल्या. कोणत्या क्लासमध्ये दोष निघण्याची शक्यता अधिक, हे ओळखण्यास सहापैकी पाच मापके उपयोगी ठरली. एलसीओएम ठरले नाही. एलसीओएमच्या व्याख्येवर बरीच टीका झाली आणि तिची अनेक सुधारित रूपे पुढे आली. क्लासचा आकार हिशेबात धरल्यावर काही मापकांचा दोषांशी दिसणारा संबंध टिकत नाही, असे एल एमाम व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले. त्यामुळे मापकाचे एकच मर्यादामूल्य सर्व प्रकल्पांना लावणे चुकीचे आहे. एकाच प्रकल्पातील क्लासची आपसांत तुलना करावी, इतरांहून फार वेगळे आकडे असलेले क्लास आधी वाचावेत आणि बदल कोड समजून घेतल्यावरच करावा, हा या मापकांचा योग्य वापर होय.