पाठ्यपुस्तकातले रानहंस

चांगले साहित्य पाठ्यपुस्तकात जाते आणि ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ या प्रश्नापाशी येऊन थांबते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. उलट दिशेचा प्रवास मात्र दुर्मीळ: पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलेली कृती साहित्य म्हणून टिकणे. स्वीडिश लेखिका सेल्मा लागरलोफ यांनी लिहिलेली नील्स होल्गर्सनची अद्भुत प्रवासकथा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

स्वीडनमध्ये १८४२ च्या कायद्याने गावोगावी प्राथमिक शाळांचा पाया घातला गेला. १८६८ पासून या शाळांत एक वाचनपुस्तक रूढ होते. विसाव्या शतकाच्या आरंभी प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने नवे पुस्तक करावयाचे ठरवले आणि देशाच्या भूगोलाचे काम लागरलोफ यांच्याकडे सोपवले. त्या कादंबरीकार होत्याच. शिवाय लांडस्क्रोना येथील मुलींच्या शाळेत दहा वर्षे त्यांनी शिकवले होते. माहिती जमत गेली, पण तिला बांधणारे सूत्र सापडेना. या अडचणीची नोंद त्यांनी पुस्तकातच केली आहे. मुलांसाठी देशावर पुस्तक लिहू पाहणारी, पण ते न जमणारी एक बाई आपल्या जुन्या घरी येते आणि घुबडाच्या तावडीतून एका अंगठ्याएवढ्या मुलाला सोडवते. तो मुलगा म्हणजेच नील्स.

१९०६ आणि १९०७ मध्ये हे पुस्तक दोन भागांत प्रसिद्ध झाले. नील्स चौदा वर्षांचा, आळशी, जनावरांना छळणारा. घर राखणाऱ्या बुटक्या यक्षाची खोडी काढल्यामुळे तो स्वतःच इवलासा होतो आणि घरच्या पांढऱ्या हंसाच्या पाठीवर बसून रानहंसांच्या थव्याबरोबर देशभर फिरतो. भूगोल येतो तो असा. वरून पाहताना स्कोने प्रांत त्याला चौकड्यांच्या कापडासारखा दिसतो. मग कळते, की हिरवा चौकोन म्हणजे आदल्या शरदात पेरलेले धान्य, पिवळट करडा म्हणजे कापणीनंतरची धसकटे. राइट बंधूंचे पहिले उड्डाण १९०३ चे. बहुतेकांनी विमान पाहिलेही नव्हते, त्या काळात खेड्यातल्या मुलाला आपले शेत आकाशातून दिसले, ते या अद्भुताच्या आधारे. येथे अद्भुत हे कडू औषधावरचे साखरेचे पूट नाही. पाहण्याची रीतच ते पुरवते.

आक्षेपही आले. प्राणिजीवनाच्या तपशिलांवर जाणकारांनी बोट ठेवले; हालांड प्रांताला स्वतंत्र प्रकरण मिळाले नाही, ही तक्रार तर पुढेही टिकली. पाठ्यपुस्तक म्हणून हे आक्षेप गैर नव्हेत. पण मुलांनी पुस्तकातून काय घेतले, याचे उत्तर त्यांत मिळत नाही.

ते मिळते अन्यत्र, आणि तेही स्वीडिश शाळेबाहेरच्या वाचकांकडून. प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेंत्स यांना वाचताही येत नव्हते तेव्हा हे पुस्तक कोणी तरी वाचून दाखवले, आणि आपण रानहंस व्हावे असे त्यांना वाटू लागले. पुढे हंसांच्या पिलांचे त्यांचे निरीक्षण विख्यात झाले. पोलिश कवी चेस्वाव मिवोश यांनी १९८० च्या नोबेल व्याख्यानात, उंचावरून पाहतानाही बारकावे टिपणाऱ्या नील्समध्ये कवीच्या दुहेरी दृष्टीचे रूपक पाहिले. जपानी कादंबरीकार केन्झाबुरो ओए यांनी १९९४ च्या नोबेल व्याख्यानात, युद्धकाळात शिकोकू बेटावरच्या रानात हे पुस्तक वाचल्याची आठवण सांगितली. त्यांच्या मनात ठसला तो नील्सचे पुन्हा माणूस होणे.

एकाने पक्षी घेतला, दुसऱ्याने दृष्टी, तिसऱ्याने माणूसपण. स्वीडनमधील प्रांतांची यादी कोणीच घेतली नाही. भूगोल शिकवण्याचा हेतू फसला, असा याचा अर्थ नव्हे; त्या भूगोलावरूनच तर हे तिघे उडाले. मुलाचा प्रतिसाद शिक्षकाच्या उद्दिष्टाच्या पलीकडे जातो आणि पुष्कळदा तो उमटायला अर्धे आयुष्य लागते, एवढेच हा इतिहास सांगतो. उत्तरपत्रिका तपासताना मुलाने काय लिहिले ते आपल्याला दिसते. त्याने काय नेले, त्याचे गुण देण्याची सोय कोणत्याही परीक्षेत नाही. म्हणूनच ते नेता येईल असे पुस्तक त्याच्या हाती देणे, ही शिक्षकाची अधिक मोठी जबाबदारी आहे, असे आम्ही मानतो.