ठासणीची बंदूक, जागल आणि कोल्हा : प्रस्तावना

शिकारकथा वाचून या विषयाकडे वळलेल्या वाचकाच्या ओळखीचे इथे फारसे काही नाही, हे आधीच सांगितलेले बरे. फोर्सिथचे मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचे १८७१ चे पुस्तक घ्या किंवा स्टर्नडेलचे ‘सिवनी’. मोठ्या जनावरांच्या मागे निघालेल्या साहेबाचे ते जग आहे. कोल्ह्याला शिकारीचा मान मिळाला तो उटीला. विलायतेतला फॉक्स इथे सापडेना, म्हणून तिथल्या साहेबांनी घोडे आणि हाउंड कुत्रे कोल्ह्यामागे घातले. वऱ्हाडी शेतकऱ्याची ठासणीची बंदूक या दोन्हींत बसत नाही. ती राखणीची बंदूक आहे, आणि तिचा इतिहास शिकारीच्या कपाटात ठेवल्यामुळेच तो आजवर नीट वाचला गेला नाही, असे माझे मत आहे.

अभ्यासाला पातूरपासून सुरुवात करावी. अकोल्याहून वाशीमकडे जाताना पयानघाटाची काळी सपाटी इथे संपते आणि बालाघाटाची चढण सुरू होते. जुन्या कागदांत गावाचे नाव ‘पातूर शेख बाबू’ असे आढळते. गावाजवळच्या डोंगरात लेणी कोरलेली आहेत. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की इथे वावर आणि रान यांच्यामध्ये पुष्कळदा एक धुरा असतो, दुसरे काही नाही. ज्वारी, तूर, हरभरा उभा असला की रात्री कुणीतरी जागलीला जायचे. मचानावर गोफण असे, डबा बडवायची काठी असे, आणि परवाना असलेल्याच्या घरी बंदूक.

ही बंदूक समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधी किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक थर गजाने ठासायचा. जुन्या तोड्याच्या बंदुकीत रंजक पेटवायची; पुढे टोपी आली आणि घोडा टोपीवर आपटून बार निघू लागला. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून अधिक भाग वायू होत नाही, घन राखच राहतो. तोच धूर होऊन डोळ्यांपुढे पसरतो आणि नळीत चिकटून लोखंड खातो. म्हणून बारानंतर नळी गरम पाण्याने धुवावी लागते. दारूला दमट हवा सोसत नाही, आणि पिकाला राखण लागते ती नेमकी पावसाळ्यातही. एकदा बार झाला की पुन्हा भरेपर्यंत जनावर दोन वावरे पलीकडे. तेव्हा या बंदुकीचे खरे काम आवाजाचे होते. जीव घेण्याचे काम ती करी, पण बेभरवशाचे.

इथे कोल्हा येतो. वऱ्हाडातल्या कापसाशी त्याचे काही देणेघेणे नाही. उंदीर, किडे, मेलेली ढोरे, बोरे, मक्याची कणसे, भुईमुगाच्या शेंगा असे त्याचे खाणे. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण निरीक्षणातून आली आहे, वाडीतली काकडी आणि टरबूज तो खरोखरच फोडतो. पण वऱ्हाडातले वावर रात्रीतून आडवे करणारे रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर. बारीक छर्ऱ्यांनी डुक्कर पडत नाही, जखमी होऊन बिथरते. कोल्हा मात्र पडू शकतो. म्हणजे ज्याचा उपद्रव कमी, तोच या हत्याराच्या आवाक्यात होता. ही विसंगती मला या अभ्यासाचा गाभा वाटते. अपवाद पिसाळलेल्या कोल्ह्याचा. त्याची भीती खरी होती.

कायद्याची वाटचाल याहून बोलकी आहे. १८७८ च्या हत्यार कायद्याने बंदूक परवान्याखाली आणली. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत हरणे होती, ससासुद्धा होता, कोल्हा नव्हता. १९५९ च्या शस्त्र कायद्यातले तेरावे कलम प्रत्येक नव्या अभ्यासकाने मुळातून वाचावे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना तिथे स्वतंत्रपणे नमूद आहे, आणि ती पुरी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक राखणीसाठी देता येते. शेतकऱ्याच्या हाती किती ताकद द्यायची, हे सरकारने किती बारकाईने मोजले पाहा! मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला. बरीच वर्षे दुसऱ्या अनुसूचीत असलेला कोल्हा २०२२ च्या दुरुस्तीने पहिल्या अनुसूचीत गेला. आज पातूरच्या धुऱ्यावर त्याच्यावर बार काढणे हा गुन्हा आहे, आणि या अभ्यासातून कुणी तसा धडा घेऊ नये.

तुलनेसाठी अमेरिकेकडे जरूर पाहावे. तिथला कायोटी कोल्ह्याच्याच प्रजातीगटातला. अनेक राज्यांत त्याला संरक्षण नाही, आणि काळ्या दारूची बंदूक तिथे हौसेने वापरतात: जखमी सशाचा आवाज काढायचा, वाट पाहायची, एकच बार. इतके मारूनही विसाव्या शतकात कायोटी पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला. हौस आणि राखण यांत बंदूक तीच, पण माणूस वेगळा. तिकडचे निष्कर्ष उचलून वऱ्हाडाला चिकटवू नयेत.

साधने विखुरलेली आहेत. लायलचे १८७० चे वऱ्हाड गॅझेटियर आणि अकोला जिल्ह्याचे १९१० चे गॅझेटियर पायाला घ्यावे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातले पारध्यांवरचे प्रकरण वाचले की बंदुकीविना, फाशांनी चालणारी जुनी विद्या दिसते. ती या विषयाची दुसरी बाजू आहे. मारुती चितमपल्ली यांचे लेखन रानाच्या शब्दांसाठी लागेल. पण खरा ऐवज घराघरांतल्या ट्रंकांत आहे. बंदूक दाखवा म्हणू नका, परवाना दाखवा म्हणा. त्यावरचे नूतनीकरणाचे शिक्के, वारसाच्या नावाची नोंद, निवडणुकीत ठाण्यात जमा केल्याच्या पावत्या ओळीने लावल्या, की कित्येक बंदुकांचा सर्वाधिक प्रवास वावराकडे नव्हे, पोलीस ठाण्याकडे झालेला दिसेल.