अरण्याची मोजणी कोणी करावी? : चंद्रपूर-गडचिरोलीतील वनाभ्यासाची वाटचाल

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळे झाले. तत्पूर्वी हा सारा प्रदेश जुन्या चांदा जिल्ह्यात मोडत असे. वनांच्या अभ्यासाचा इतिहास पाहताना ही प्रशासकीय सीमा बाजूला ठेवावी लागते, कारण ताडोब्याच्या तळ्यापासून भामरागडच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या पानझडी अरण्याला ती कधीच ठाऊक नव्हती. या अरण्याचा अभ्यास कोणी केला, कोणत्या गरजेपोटी केला आणि त्या गरजेमुळे अभ्यासकाच्या दृष्टीला काय पडले व काय निसटले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली आणि त्यानंतर लवकरच येथील सागवान सरकारच्या नजरेत भरले. रेल्वे आणि इमारती यांना लाकूड हवे होते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित वने अशी वर्गवारी रूढ केली. पुढे 'कार्य आयोजना' नावाचा जाडजूड दस्तऐवज वनखात्याच्या ज्ञानाचे मुख्य भांडार बनला. अरण्याचे कक्ष पाडावयाचे, कक्षांचे कूप आखावयाचे, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजावयाचा आणि कोणत्या वर्षी कोणता कूप तोडावयाचा हे ठरवावयाचे, अशी ती पद्धत होती. तिला अशास्त्रीय म्हणणे अन्यायाचे होईल. किती तोडले असता किती उगवते, हा प्रश्न तिने प्रथमच शिस्तीने विचारला. मात्र प्रश्न लाकडाचा असल्याने उत्तरही लाकडाचेच आले. मोहफूल, चारोळी, टेंभुर्णी, डिंक, मध हे सारे 'गौण वनोपज' या एका सदरात ढकलले गेले. हा 'गौण' शब्द कोणी कोणाच्या वतीने ठरविला, हे विचारण्यासारखे आहे. उन्हाळ्यात मोहफुलांवर दिवस काढणाऱ्या गोंड किंवा माडिया कुटुंबाने तो खचितच ठरविलेला नव्हता.

या तोडीच्या इतिहासात एक सुखद अपवाद आढळतो. आल्लापल्लीजवळचा सुमारे ६ हेक्टरांचा एक तुकडा वनखात्यानेच १९५३ पासून अस्पर्शित राखला. कुऱ्हाड न लागलेले अरण्य कसे असते, त्यात कोणते वृक्ष म्हातारे होऊन पडतात आणि त्यांच्या जागी काय रुजते, हे पाहण्यासाठी अशी जागा लागतेच. तुलनेला आधार नसेल, तर भोवतालच्या तोडलेल्या जंगलात काय बदलले हे सांगणार कसे? २०१४ मध्ये हा तुकडा 'वनवैभव आल्लापल्ली' या नावाने जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. सहा हेक्टर म्हणजे या प्रदेशाच्या विस्तारात थेंबही नव्हे, तरी संशोधकाच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे.

ताडोब्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९५ साली व्याघ्रप्रकल्प झालेल्या या वनात वाघांवर पुष्कळ संशोधन झाले असून ते सर्वज्ञात आहे. बांबूची कथा मात्र विस्ताराने सांगितली पाहिजे.

बल्लारपूरचा कागद कारखाना उभा राहिल्यावर येथील बांबूवनाकडे कच्चा माल म्हणून पाहिले जाऊ लागले. बुरूड कारागीर आणि आदिवासी शेतकरी ज्या बांबूवर घर, कुंपण, टोपली व सूप चालवीत, तोच आता ट्रकांनी जाऊ लागला. कागद कारखान्यासाठी होणाऱ्या तोडीचा बांबूवर काय परिणाम होतो, याचा मार्मिक अभ्यास माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात केला होता. कटाई सोपी व्हावी म्हणून कारखान्याचे मजूर बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी जाळे साफ करीत. शास्त्रीय समजुतीप्रमाणे त्याने बेट मोकळे होऊन नवे कोंब जोमाने यावयास हवे होते. प्रत्यक्षात त्या काट्यांच्या आड सुरक्षित राहणारे कोवळे कोंब गुरे आणि वन्य प्राणी खाऊन टाकू लागले. गावकऱ्यांना हे आधीपासून माहीत होते, फक्त त्यांना कोणी विचारले नव्हते. चंद्रपूर-गडचिरोलीत प्रामुख्याने वाढणारा बांबू निराळ्या जातीचा आहे, म्हणून तो निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु 'विचारले नव्हते' हे वाक्य येथेही तंतोतंत लागू पडते.

विचारण्याची सुरुवात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या लहानशा गावी झाली. १९८० च्या दशकात वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल तेथे आले. देवाजी तोफा आणि इतर गावकऱ्यांसह त्यांनी 'अभ्यास गट' ही रीत रुजविली. गावाने निर्णय आणि अभ्यास यांची जाणीवपूर्वक फारकत केली, हे या रीतीचे वैशिष्ट्य होय. निर्णय घ्यावयाचा तो ग्रामसभेने आणि तोही सर्वसहमतीने. अभ्यास गटात मात्र कोणीही बसावे, बाहेरचा जाणकार बोलवावा, वाद घालावा आणि ठराव न करता उठावे. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणा सर्वदूर गाजली. तिच्यामागचे हे अभ्यासाचे अंग तितके गाजले नाही.

मधाचे उदाहरण घेऊ. आग्या मोहोळाचा मध काढताना पूर्वी मशालीने पोळे जाळीत आणि त्यात असंख्य माशा मरत. अभ्यास गटाने मधमाशांच्या जाणकारांची मदत घेऊन पोळ्याची रचना समजून घेतली. मधाचा भाग कोणता आणि पिल्लांचा कोणता हे ओळखून केवळ पहिला भाग कापण्याची पद्धत त्यांनी अवलंबिली. येथे निरीक्षण, शंका, प्रयोग आणि पद्धतीतील बदल हे सारे टप्पे दिसतात. असे काम विद्यापीठात झाले असते तर त्याला आपण संशोधन म्हटले असते, गावात झाले म्हणून 'प्रबोधन' म्हणतो.

अशा अभ्यासावर एक आक्षेप घेतला जातो व तो पोकळ नाही. गावातील नोंदी तुटक असतात, पुष्कळ ज्ञान तोंडीच राहते आणि तुलनेसाठी वेगळे क्षेत्र राखलेले नसते. तथापि हा आक्षेप कार्य आयोजनेलाही अंशतः लागू होतो. तिच्या नोंदी सलग असल्या, तरी ज्या वस्तूंची नोंद करावयाचीच नाही असे ठरले, त्यांच्याविषयी सलगतेचा काय उपयोग?

ज्ञानाला अधिकाराचे पाठबळ पुढे कायद्याने मिळाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात स्थान दिले. वनस्पतिशास्त्र ज्याला गवत म्हणते, त्याला १९२७ चा भारतीय वन कायदा वृक्षांत गणत होता! २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे आले.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव याच वाटेने, पण वेगळ्या निष्कर्षाला पोचले. २०१२ मध्ये हजाराहून अधिक हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभेने तेंदूपत्त्याचे संकलन बंद केले. तेंदूपत्ता हे उन्हाळ्यातील रोख उत्पन्न. ते सोडणे कोणत्याही गरीब गावाला सोपे नसते. पण कोवळी पाने मिळावीत म्हणून झाडांची छाटणी होते आणि जंगलाच्या जमिनीला आग लावली जाते, हे गावाने वर्षानुवर्षे पाहिले होते. छाटलेल्या झाडाला फळ धरत नाही, हेही त्यांना माहीत होते. याखेरीज पाचगावने आपल्या वनातील सुमारे ३४ हेक्टर क्षेत्र स्वतःच्या निर्णयाने देवराईसारखे राखून ठेवले. आल्लापल्लीच्या तुकड्याच्या हे क्षेत्र साधारण साडेपाच पट भरते आणि ते राखण्याचा ठराव ग्रामसभेचा आहे.