मुक्तीचे हप्ते

भूदासप्रथा खालून मोडायला लागण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा ती वरूनच मोडलेली बरी, असे झार दुसरा अलेक्झांडर याने १८५६ च्या मार्चमध्ये मॉस्कोच्या जमीनदारांना सांगितले. त्याच महिन्यात पॅरिसचा तह होऊन क्रिमियाचे युद्ध संपले होते. रशियाचा पराभव झाला होता, आणि तोही स्वतःच्या भूमीवर. सेव्हास्तोपोलला रसद पोचवायला दक्षिणेत रेल्वे नव्हती. सैन्याची अडचण तर भूदासप्रथेशीच बांधलेली होती. भरती झालेला भूदास वीस-पंचवीस वर्षे फौजेत राही आणि सुटला की स्वतंत्र होई. अल्पकाळ शिक्षण देऊन माणसे परत गावी पाठवायची आणि युद्धाच्या वेळी बोलवायची, ही युरोपातील नवी पद्धत रशियात आणायची तर शस्त्र चालवायला शिकलेली माणसे पुन्हा मालकाच्या ताब्यात द्यावी लागली असती. तो धोका कोणी पत्करणार नव्हते. दयाबुद्धीचा वाटा भूदासमुक्तीच्या या सुधारणेत होता, पण तो सर्वांत मोठा नव्हता.

खाजगी जमीनदारांच्या मालकीचे भूदास त्या वेळी सुमारे सव्वादोन कोटी होते. काही जमीनदार त्यांच्याकडून आठवड्यातले ठरावीक दिवस वेठीने शेत कसून घेत. याला ‘बार्शिना’ म्हणत. काही रोख खंड घेत, तो ‘ओब्रोक’. दोन्ही पद्धतींत जमीनदार मात्र कर्जबाजारीच. सरकारी पतसंस्थांकडे काढलेल्या कर्जापोटी देशातले जवळजवळ दोन तृतीयांश भूदास १८५९ पर्यंत गहाण पडले होते. जमीन नव्हे, माणसे गहाण. सुधारणेला विरोध करणाऱ्या वर्गाचे नाक असे आधीच सरकारच्या हातात होते.

१८५७ च्या नोव्हेंबरमध्ये व्हिल्नाचा गव्हर्नर-जनरल नाझिमोव्ह याला पाठवलेले मुक्तीच्या तयारीचे फर्मान प्रसिद्ध झाले आणि माघारीची वाट बंद झाली. १८५९ मध्ये संपादन आयोग बसला. त्याचा अध्यक्ष रोस्तोव्त्सेव्ह १८६० मध्ये वारला. पण निकोलाय मिल्युतिनसारख्या अधिकाऱ्यांनी मसुदा पुरा केला. शेतकऱ्याला केवळ देहाने मुक्त न करता जमिनीसह मुक्त करायचे, हे त्यांनी मान्य करवून घेतले. भूमिहीन मजुरांचे लोंढे शहरात आले तर काय होते हे १८४८ च्या क्रांत्यांच्या वेळी युरोपात दिसले होते, आणि रशियाच्या राज्यकर्त्यांना ते नको होते.

१९ फेब्रुवारी १८६१ रोजी (तेव्हाची रशियन तारीख युरोपच्या बारा दिवस मागे असे; इथल्या तारखा रशियन आहेत) झारने जाहीरनाम्यावर सही केली. दंगे होतील या भीतीने तो पंधरवडाभर दाबून ठेवला आणि ५ मार्चला राजधानीत व मॉस्कोत चर्चमधून वाचून दाखवला. मजकूर मेट्रोपॉलिटन फिलारेत याच्या जड धार्मिक भाषेतला. ऐकणाऱ्यांना एवढेच कळले, की आणखी दोन वर्षे जुनेच चालू राहणार.

या कायद्याचे खरे स्वरूप जाहीरनाम्यात नव्हते, ते हिशेबात होते. समजा, एका शेतकऱ्याचा वार्षिक खंड ९ रूबल होता. जी रक्कम सहा टक्क्यांनी वर्षाला ९ रूबल देईल ती त्याच्या वाट्याच्या जमिनीची किंमत, असे गणित मांडले गेले. म्हणजे १५० रूबल. यातले १२० रूबल सरकार जमीनदाराला रोख्यांच्या रूपात देणार आणि उरलेले ३० शेतकऱ्याने स्वतः द्यायचे. मग सरकारच्या १२० रूबलपोटी वर्षाला ७ रूबल २० कोपेक, असे ४९ वर्षे फेडत राहायचे. एकूण ३५२ रूबल ८० कोपेक. खंड केवळ जमिनीचा नव्हता. त्यात माणसावरच्या हक्काचाही मोबदला होता. त्यामुळे माणसाची किंमत जमिनीच्या किमतीत मिसळून त्याच माणसाकडून वसूल झाली. एका प्रसिद्ध हिशेबानुसार या विमोचनापोटी, म्हणजे जमीन सोडवून घेण्यापोटी, ठरलेली रक्कम ८६.७ कोटी रूबल होती. त्याच जमिनीचा सुधारणेनंतरचा बाजारभाव सुमारे ६४.८ कोटी. फरक सर्वांत जास्त होता तो उत्तरेकडच्या हलक्या जमिनीच्या प्रांतांत, कारण तिथला खंड जमिनीतून नव्हे तर शेतकऱ्याच्या मजुरीतून आणि व्यापारातून येत असे.

शिवाय जमीन पूर्वीइतकी मिळालीच नाही. ठरवलेल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त जमीन शेतकऱ्याकडे असेल तर जादा तुकडा जमीनदाराकडे जाई. हे काढून घेतलेले तुकडे, ‘ओत्रेझ्की’, बहुधा कुरण, पाणवठा किंवा जंगल यांचे असत, आणि ते परत वापरायला पुन्हा जमीनदाराच्या शेतावर राबावे लागे. ज्याला हप्त्यांचा बोजा नको त्याला कमाल वाट्याचा चौथा हिस्सा फुकट घेता येई. घरकाम करणाऱ्या भूदासांना तर जमीन मिळालीच नाही. वाट्याची मालकी व्यक्तीकडे न देता ‘मीर’ या ग्रामसमूहाकडे दिली होती आणि करासाठी, हप्त्यांसाठी सारे गाव मिळून जबाबदार होते. एकाने हप्ता चुकवला की तो शेजाऱ्यांच्या डोक्यावर. म्हणून गावच कोणाला सहजी बाहेर जाऊ देईना. बाहेर जायला पासपोर्ट लागे. जमीनदार हटला आणि त्याच्या जागी गाव पहारेकरी झाले.

कझान प्रांतातल्या बेज्दना गावी याची प्रतिक्रिया उमटली. अंतोन पेत्रोव्ह नावाचा अक्षरओळख असलेला शेतकरी कायद्याचे जाड पुस्तक वाचत बसला आणि छापील मजकुरातल्या शून्यांच्या व टक्केवारीच्या खुणांत त्याला खरी मुक्ती सापडली. झारने संपूर्ण जमीन दिली आहे, जमीनदार आणि अधिकारी ती लपवत आहेत, असा त्याचा अर्थ. हजारो लोक त्याच्या झोपडीभोवती जमले. १२ एप्रिलला जनरल आप्राक्सिनने गोळीबार केला, बरेच मेले. पेत्रोव्हला आठवड्याभरात गोळी घातली गेली. झार भला आणि त्याचे नोकर वाईट, ही समजूत मात्र मेली नाही.

पुढची सुधारणांची रांग मोठी आहे. १८६४ मध्ये स्थानिक स्वराज्याची ‘झेम्स्त्वो’ मंडळे निघाली. शाळा, दवाखाने, रस्ते त्यांनी उभे केले. त्याच वर्षी ज्यूरीसह खुली न्यायालये आली. १८७४ मध्ये सर्व वर्गांना लष्करी सेवा सक्तीची झाली. पण कर कसा गोळा करायचा, युद्ध कधी करायचे, मंत्री कोण नेमायचा, यात प्रजेला शब्द नव्हता. न्यायालय स्वतंत्र आणि सत्ता निरंकुश, हा संसार टिकणे कठीण होते. क्रांतिकारक वेरा झासुलिच हिने सेंट पीटर्सबर्गचा गव्हर्नर ट्रेपोव्ह याच्यावर गोळी झाडली आणि १८७८ मध्ये ज्यूरीने तिला निर्दोष सोडले, तेव्हा सरकारने राजकीय खटले ज्यूरीकडून काढून घेतले.

१८७४ च्या उन्हाळ्यात शेकडो विद्यार्थी क्रांतीचा प्रचार करायला शेतकऱ्याच्या वेशात खेड्यांत गेले. शेतकऱ्यांनी त्यांना संशयाने पाहिले, क्वचित पोलिसांच्या हवालीही केले. १८७७ मध्ये कीव्ह प्रांतातल्या चिगिरिन भागात क्रांतिकारकांनी उलटी युक्ती केली: झारच्याच नावाने खोटे फर्मान काढले. तेवढेच काय ते खेड्यांत चालले. या अनुभवातून १८७९ मध्ये ‘नारोदनाया वोल्या’ हा गट निघाला. त्याने जनतेची वाट पाहणे सोडले. १ मार्च १८८१ रोजी कॅथरीन कालव्याकाठी रिसाकोव्हचा पहिला बॉम्ब चुकला, ह्रिन्येविएत्स्कीच्या दुसऱ्याने अलेक्झांडरचा अंत झाला. कायद्याच्या मसुद्यांवर निवडून आलेल्या प्रतिनिधींचा सल्ला घेण्याची गृहमंत्री लोरिस-मेलिकोव्हची मर्यादित योजना झारने त्याच सकाळी मान्य केली होती.

तिसऱ्या अलेक्झांडरने ती योजना बाजूला ठेवली. १८८९ मध्ये खेड्यांवर जमीनदार वर्गातून ‘भूमी-अधिकारी’ नेमले आणि १८९० मध्ये झेम्स्त्वोतले शेतकऱ्यांचे वजन कमी केले. डोईपट्टी रद्द झाली खरी, पण हप्ते चालूच. लोकसंख्या वाढली, वाटे लहान झाले, थकबाकी साचली. १८९१-९२ च्या दुष्काळात आणि साथीत लाखो लोक मेले.

हप्त्यांवर तोड १९०५ च्या उठावांनीच निघाली. जमीनदारांच्या वाड्यांना आगी लागल्यावर ३ नोव्हेंबर १९०५ च्या जाहीरनाम्याने विमोचनाची रक्कम पुढच्या वर्षी निम्मी आणि १ जानेवारी १९०७ पासून बंद केली. म्हणजे ४९ वर्षांची मुदत पुरी होण्याच्या आधीच सरकारने हिशेब फाडला. ओत्रेझ्की मात्र जमीनदारांकडेच राहिले. १९०६ च्या ९ नोव्हेंबरला पंतप्रधान स्टोलिपिनने मीरमधून आपला वाटा वेगळा काढण्याची मुभा दिली. ती अर्धीच पसरली असताना १९११ मध्ये कीव्हमध्ये त्याच्यावर गोळी झाडली गेली. वेगळ्या झालेल्यांशी गावांचे वैर राहिले, आणि १९१७ मध्ये मीरनेच जमीनदारांच्या जमिनी, तसेच वेगळ्या झालेल्यांचे बरेच वाटे, पुन्हा ओढून घेतले. ऑक्टोबरमधील बोल्शेविकांच्या जमिनीच्या फर्मानाने त्यावर कायद्याचा शिक्का मारला.