मारकडवाडीचे न झालेले मतदान

सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी हे माळशिरस तालुक्यातले गाव डिसेंबर २०२४ मध्ये देशभर गाजले, ते न झालेल्या एका मतदानामुळे. विधानसभेसाठी २० नोव्हेंबरला मतदान झाले आणि २३ तारखेला निकाल लागला. माळशिरस या राखीव मतदारसंघात राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उत्तमराव जानकर यांनी भाजपचे तत्कालीन आमदार राम सातपुते यांचा १३,१४७ मतांनी पराभव केला. मारकडवाडीत मात्र सातपुते यांना १,००३ आणि जानकर यांना ८४३ मते निघाली. गाव आजवर आपल्याच बाजूने राहिले आहे, हा आकडा खरा असूच शकत नाही, असे जानकर समर्थकांचे म्हणणे पडले. उमेदवार निवडून आलेला असताना त्याच्याच मतदारांनी मोजणीवर हरकत घ्यावी, हे क्वचितच घडते.

गावाला आपला आकडा कळला तो मतदान यंत्रामुळेच (ईव्हीएम). कागदी मतपत्रिकांच्या काळात निवडणूक आयोगाला गरज वाटेल तेथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळल्या जात. कोणत्या गावाने कोणाला मत दिले हे उघड होऊन लोकांवर दबाव येऊ नये, हा त्यामागचा हेतू. यंत्रावरची मते केंद्रनिहाय मोजली जातात आणि नमुना २० या निकालपत्रकात तशीच नोंदली जातात. त्यामुळे गावाचा कल चारचौघांना ठाऊक असतो आणि अधिकृत आकडाही समोर येतो. दोन्ही जुळले नाहीत की संशयाला जागा मिळते.

ग्रामस्थांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर फेरमतदान घ्यायचे ठरवले. मतपत्रिका छापून घेतल्या, तयारी झाली. अशा मतदानाला कायद्यात आधार नाही, मूळ प्रक्रिया नियमानुसारच पार पडली आहे, अशी भूमिका घेऊन प्रशासनाने २ ते ५ डिसेंबर जमावबंदी लागू केली आणि गावात मोठा पोलीस बंदोबस्त लावला. पोलिसांशी बोलणी झाल्यावर जानकर यांनी मतदान रद्द केल्याचे जाहीर केले. तरीही त्यांच्यासह अनेक ग्रामस्थांवर गुन्हे दाखल झाले. हे मतदान झाले असते तरी त्यातून निर्विवाद पुरावा हाती आला नसता, कारण तोवर प्रत्येकाच्या मताला गावातल्या वादाचा रंग चढला होता. पण आपले मत डोळ्यांसमोर मोजले जावे ही मागणी रास्त होती, आणि तिला जमावबंदी हे उत्तर पुरेसे नव्हते.

त्यानंतर पाठिंबा बाहेरून येऊ लागला. ८ डिसेंबरला जानकर यांच्या पक्षाचे अध्यक्ष शरद पवार गावात आले. सातारा जिल्ह्यातील कोळेवाडीच्या ग्रामसभेने मतपत्रिकेची मागणी करणारा ठराव केला. दुसरी बाजूही गप्प बसली नाही: १० डिसेंबरला भाजपच्या बाजूचे नेते गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत यांनी मारकडवाडीतच यंत्राच्या समर्थनार्थ सभा घेतली, कारण सातपुते यांना मत देणारेही याच गावचे होते.

वादग्रस्त निकालानंतर परक्यांची साथ मिळण्याचे ठळक उदाहरण इराणचे. जून २००९ मधील अध्यक्षीय निवडणुकीनंतर 'माझे मत कुठे आहे?' असे विचारत तेथील लोक रस्त्यावर उतरले आणि २५ जुलैला जगातील अनेक शहरांत त्यांच्यासाठी निदर्शने झाली. मोजणी डोळ्यांसमोर व्हावी या मागणीला आधार देणारा निकालही त्याच वर्षीचा: मार्चमध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तेथे वापरलेली मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरवली. खास तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मोजणीचे महत्त्वाचे टप्पे पडताळता आले पाहिजेत, असे त्या न्यायालयाने म्हटले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी फेटाळली, पण यंत्रतपासणीची नवी सोय दिली. निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून, खर्च भरून, विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. हा अधिकार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना आहे. विजयी जानकर त्यात बसत नव्हते. उरली उच्च न्यायालयातील निवडणूक याचिका. ती मतदारालाही करता येते, मुदत ४५ दिवसांची. मात्र मोजणीतील चुकीमुळे निवड रद्द करायची तर त्या चुकीचा संपूर्ण मतदारसंघाच्या निकालावर परिणाम झाल्याचे दाखवावे लागते. मारकडवाडीच्या तक्रारकर्त्यांना निकाल बदलायचाच नव्हता. त्यांना हवा होता तो आपल्या गावच्या मतांचा हिशेब, आणि तेवढ्यापुरता दाद मागण्याचा मार्ग या दोन्ही तरतुदींत नव्हता.