आपल्या वह्या आपणच तारायच्या



शताब्दीच्या निमित्ताने दिंडीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. वाटलं, सोपं आहे. जुन्या वह्या काढायच्या आणि उतरवून घ्यायचं. पण घरोघरी गेलो तर बऱ्याच ठिकाणी एकच उत्तर मिळालं, "आजोबांचं बाड होतं हो, पण पानं फाटली, म्हणून चंद्रभागेत सोडलं." पायाखाली येऊ नये, रद्दीत जाऊ नये, हा त्यामागचा भाव. त्या भावाला दंडवत. पण दिंडीची कितीतरी वर्षं अशी पाण्यात गेली, हेही खरं.

आपला संप्रदाय जपणाऱ्या हातांमुळे टिकला. ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले होते. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. जुन्या प्रती कुणीतरी राखल्या होत्या, म्हणूनच ते झालं. तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवले. पुढे १८६९ आणि १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचे दोन भाग निघाले, तेव्हा संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथली हस्तलिखितं मिळवून ताडली. इंद्रायणीतून तुकोबांच्या वह्या कोरड्या निघाल्या, ही आपली श्रद्धा. आजोबांच्या वह्या मात्र आपणच तारायच्या आहेत.

"शिध्याची यादी काय जपायची?" असं एकानं विचारलं. त्याच घरातली जमाखर्चाची वही उघडली. डाळ, मीठ, बैलांची पेंड, कंदिलाचं रॉकेल. पेंडीचा खर्च थांबून ट्रकचं भाडं सुरू झालं, तिथे बैलगाडी सुटली हे कळलं. वारीची वाट या यादीत होती.

आणि एक फोटो मिळाला. डोक्यावर तुळस घेतलेली एक माउली. मागे नाव नाही. जुन्या मंडळींना दाखवला, कुणालाच ओळख पटली नाही. विणेकरी, पखवाजी, भिशीवाले यांची नावं वहीत आहेत. तिचं कुठेच नाही.

म्हणून विनंती. फोटोमागे नाव, गाव, साल आजच लिहा. बॉलपेनाने नको, मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता. ज्यांना माहीत आहे ते आहेत तोवर विचारून घ्या. गंजलेल्या टाचण्या काढा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. एकदा केलं की सुटत नाही. वह्या स्वच्छ सुती कापडाच्या बासनात बांधा, जमिनीपासून उंच, ओल नसलेल्या जागी ठेवा. पावसाळा सरला की उघडून सावलीत वारा द्या; कसर, वाळवी बघा. मोबाईलवर पानापानाचा फोटो घ्या, फ्लॅश न लावता, आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. फुटका टाळ, विटलेली पताका असेल तर ती कुणाची, याची चिठ्ठी सोबत बांधा. मगच विसर्जनाचा विचार करा.

त्या माउलीचा फोटो या स्मरणिकेत छापला आहे. कुणी ओळखलं तर दिंडीला कळवा. नाव मिळालं की वहीत लिहू. शंभर वर्षांच्या नोंदीत ती एक ओळ बाकी आहे.