प्रौढांचे शिक्षण : ओसरी आणि वर्ग

प्रौढ माणसास वर्गात बसवून शिकवावे की त्याच्या घरी, त्याच्या सवडीने, हा प्रश्न साक्षरतेच्या चर्चेत वारंवार उपस्थित होतो. इतिहासाकडे पाहता आम्हांस वाटते की, हा प्रश्न निवडीचा नसून क्रमाचा आहे.

रमाबाई रानडे यांचे उदाहरण पाहावे. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे शिकण्याचे वय संपले. न्यायमूर्तींनी त्यांना घरीच प्रथम मराठी व पुढे इंग्रजी शिकवली. घरातील स्त्रियांचा विरोध सोसत हे शिक्षण चालले. एका विद्यार्थिनीसाठी एक शिक्षक. तिला जे अडेल तेथे थांबणारा. परंतु असा शिक्षक किती जणींच्या वाट्यास येणार? हे जाणूनच की काय, घरी शिकलेल्या याच रमाबाईंनी १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन उभारले आणि प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग चालविले. न्यायमूर्तींचे अध्यापन एका घरापुरते होते. सेवासदन रमाबाईंच्या पश्चातही चालू राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने प्रथम वर्गाचाच मार्ग धरला. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात १५ ते ३५ वयोगटातील सुमारे ३० जणांमागे एक केंद्र, अशी योजना होती. मात्र दिवसभर राबून आलेला माणूस आणि शाळकरी मूल यांत फरक असतो. आमच्या कन्नौद परिसरात सोयाबीनच्या काढणीत संध्याकाळचा वर्ग कसा भरणार? शिवाय घरची बोली माळवी किंवा कोरकू आणि पुस्तकाची भाषा हिंदी. तीस जणांत ही अडचण बोलून दाखविण्यास प्रौढ माणूस संकोचतो; ओसरीवर शेजाऱ्यापाशी तो सहज विचारतो.

मध्य प्रदेशात १९९९ साली सुरू झालेल्या ‘पढना-बढना’ आंदोलनाने हे ओळखले. शिकू इच्छिणाऱ्यांनीच समिती स्थापावी, आपला गुरुजी आपणच निवडावा आणि साक्षर झालेल्या प्रत्येकामागे त्यास शंभर रुपये गुरुदक्षिणा मिळावी, अशी ती रचना होती. १९९१ ते २००१ या दशकात राज्यातील स्त्रियांची साक्षरता सुमारे २९ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेली. याचे सारे श्रेय या आंदोलनास देता येणार नाही. जनगणनेत सात वर्षांवरील सर्वांची गणना होते आणि १९९७ च्या शिक्षण हमी योजनेने गावोगावी शाळाही उघडल्या होत्या.

तरीही एक शंका उरते. मोबदला साक्षरांच्या संख्येवर ठरला, की सही गिरविण्यावरच काम थांबण्याचा धोका असतो. शासकीय सेवेत आम्ही हजारो कागद हाताळले. अंगठा लावणारा माणूस निदान ‘यात काय लिहिले आहे?’ असे विचारतो. केवळ सही शिकलेला संकोचाने न विचारताच सही करतो. अशी साक्षरता निरक्षरतेहून महाग पडते.

म्हणून पहिली अक्षरे आपुलकीच्या माणसाने, शिकणाऱ्याच्या बोलीतून शिकवावीत. आणि पुढील वाचनासाठी वर्ग, वाचनालय व सोबती असावेत. ओसरीवर भीड चेपते, वर्गात सवय टिकते. यांपैकी एकावर थांबणारी योजना आकडे देईल, वाचक देणार नाही.